उत्तम गोलंदाज कोण?

गेल्या वर्षीचे क्रिकेटचे सामने संपल्यावर आमच्या शाळेत उत्तम गोलंदाजास द्यावयाचा लहानसा चांदीचा पेला कोणास द्यावा, हा प्रश्न क्रीडासमितीपुढे आला. प्रश्न सोपा वाटला. स्कोअरची वही उघडण्यात आली, बळींची बेरीज झाली. एका मुलाच्या नावावर २२ गडी निघाले, दुसऱ्याच्या नावावर १४. पाच मिनिटांत निकाल लागला. त्या समितीत आम्हीही होतो, व इतरांबरोबर आम्हीही मान डोलावली. पेला २२ गडी बाद करणाऱ्या मुलास मिळाला, टाळ्या झाल्या आणि कार्यक्रम पुढे सरकला.

चार दिवसांनी दुसऱ्या मुलाचे वडील शाळेत आले. हे गृहस्थ मानखुर्द स्टेशनाबाहेर भाजीची गाडी लावतात. ते तक्रार घेऊन आले असतील, असे आम्हांस वाटले, परंतु ते उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, पेल्याचं काही नाही. पोरगं विचारतंय, मी कुठं कमी पडलो? त्याला काय सांगू, तेवढं सांगा." आम्ही म्हणालो, "आठ गडी कमी पडले." त्यांनी नमस्कार केला व ते निघून गेले. त्यांचे समाधान झाले असावे. आमचे मात्र झाले नाही. त्या दिवशी आम्ही ती वही घरी नेली आणि जे काम समितीत बसून करावयास हवे होते, ते रात्री दिव्याखाली केले.

वहीत काय दिसले, ते सांगण्यापूर्वी एका परदेशी खेळाची हकीकत सांगणे अवश्य आहे. कारण आमच्या प्रश्नाची किल्ली त्या खेळात आहे. टेनपिन बोलिंग हा खेळ अमेरिकेत फार लोकप्रिय असून मुंबईतील काही मॉलमध्येही तो खेळला जातो. गुळगुळीत लांब पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडावयाचा आणि ६० फुटांवर त्रिकोणात मांडलेल्या १० पिना पाडावयाच्या, असे त्याचे साधे स्वरूप आहे. एका डावात १० फेऱ्या असतात व सर्व काही साधल्यास जास्तीत जास्त ३०० गुण होतात. ह्या खेळाच्या लीग चालतात, आणि त्यांत मुरलेले खेळाडू व नवशिके एकाच वेळी खेळतात. मग सामना रंगावा कसा? त्यासाठी हँडिकॅप नावाची युक्ती आहे. हा शब्द मुंबईकरांस महालक्ष्मीच्या शर्यतींमुळे ऐकून ठाऊक आहे. शर्यतींचा नाद विद्यार्थ्यांस लागावा, अशी आमची मुळीच इच्छा नाही. परंतु चपळ घोड्याच्या पाठीवर अधिक वजन देऊन शर्यत अटीतटीची करावयाची, हे तत्त्व समजण्याजोगे आहे. बोलिंगमध्ये वजन न लादता कमजोर खेळाडूस काही गुण आधीच देतात.

त्याचे गणित आमच्या सातवीच्या मुलांसही करता येईल. समजा, लीगने २०० हा आधारांक धरला, आणि आधारांक व खेळाडूची सरासरी यांतील फरकाच्या शेकडा ९० इतकी सवलत द्यावयाची असे ठरविले. ज्याची सरासरी १८०, त्यास १८ गुण मिळतील. ज्याची सरासरी १२०, त्यास ७२. दोघेही आपापल्या सरासरीइतकेच खेळले, तर पहिल्याचे १९८ व दुसऱ्याचे १९२ गुण होतील. म्हणजे चांगल्या खेळाडूकडे थोडे आधिक्य शिल्लक ठेवले आहे. आता एखाद्या संध्याकाळी पहिल्याने १९० गुण केले व दुसऱ्याने १४०. सवलत मिळवून पहिल्याचे २०८ झाले, दुसऱ्याचे २१२. दुसरा जिंकला.

येथे विचारी वाचकाने थांबावे. चांगला गोलंदाज कोण? निःसंशय पहिला, त्याने ५० गुण अधिक केले आहेत. त्या संध्याकाळी आपल्या नेहमीच्या खेळाहून कोण अधिक वर चढला? दुसरा, कारण तो आपल्या सरासरीच्या २० गुण पुढे गेला, पहिला केवळ १०. सामना कोणी जिंकला? दुसऱ्याने. प्रश्न तीन आहेत व उत्तरेही निरनिराळी आहेत. म्हणूनच व्यवस्थित चालणाऱ्या लीगमध्ये सवलतीशिवायच्या गुणांचे बक्षीस निराळे, सवलतीसह गुणांचे निराळे आणि हंगामात सर्वांत अधिक सुधारणा करणाऱ्याचे निराळे असते. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिणे, हीच तुलनेतील सर्वांत मोठी चूक होय. आणि आमच्या समितीने नेमकी तीच केली.

सवलतीचा एक दोषही येथेच सांगून ठेवतो. काही चतुर खेळाडू हंगामाच्या आरंभी मुद्दाम वाईट खेळतात. सरासरी खाली राहिली म्हणजे पुढे अधिक गुण फुकट पदरात पडतात! पहिल्या चाचणीत जाणूनबुजून कमी गुण मिळवून वर्षअखेर प्रगतीचे बक्षीस घेऊ पाहणारा विद्यार्थी आम्ही अद्याप पाहिलेला नाही. परंतु ही युक्ती येथे छापल्यामुळे तो निपजू नये, अशी आशा आहे.

आता क्रिकेटकडे वळू. ह्या खेळात गोलंदाजास सवलतीचे गडी कोणी देत नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि परिस्थितीचे वजन प्रत्येकाच्या पाठीवर असतेच; ते कोणाच्या पाठीवर किती, एवढेच वहीत लिहिलेले नसते. आपल्या मुंबईतच याचे उत्तम उदाहरण आहे. १९४८ साली येथे कांगा लीग सुरू झाली. डॉ. होर्मसजी कांगा यांच्या नावाने चालणारी ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात ठेवलेली आहे. आझाद मैदान, क्रॉस मैदान अशा ठिकाणी उघड्या, भिजलेल्या खेळपट्ट्यांवर हे सामने होतात. चेंडू कधी थबकतो, कधी अवचित उसळतो. जोराने मारलेला फटका वाढलेल्या गवतात अडून राहतो. फलंदाजाची तेथे खरी परीक्षा होते. उलटपक्षी ओला चेंडू बोटांतून निसटत असल्यामुळे फिरकी टाकणाऱ्याचेही सर्वच सोपे असते असे नाही. अशा मैदानावर १२ धावांत मिळविलेले ५ गडी आणि डिसेंबरातील कोरड्या, टणक खेळपट्टीवर ५० धावांत मिळविलेले ५ गडी यांत श्रेष्ठ कोणते, हे नुसत्या आकड्यांकडे पाहून कोण सांगू शकेल?

याकरिता एक साधी रीत आहे. गोलंदाजाने एका गड्यामागे किती धावा दिल्या, ते काढावे; त्याच सामन्यात दोन्ही बाजूंच्या सर्व गोलंदाजांना मिळून एका गड्यामागे किती धावा पडल्या, तेही काढावे; आणि पहिल्या आकड्याची दुसऱ्याशी तुलना करावी. खेळपट्टी सर्वांस सारखीच होती, पाऊसही सर्वांवर सारखाच पडला. तेव्हा शेजाऱ्याशी केलेली ही तुलना पुष्कळशी न्याय्य ठरते. १९७२-७३ च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर मुंबई व तामिळनाडू यांत झाला. मुंबईने १५१ व ११३ धावा केल्या, तामिळनाडूने ८० व ६१. चार डावांत मिळून अवघ्या ४०५ धावा. म्हणजे गड्यामागे सुमारे १०. खेळपट्टी गोलंदाजांची होती, हे उघडच आहे. परंतु त्याच खेळपट्टीवर मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ व दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. म्हणजे गड्यामागे तीन धावाही नाहीत! इतरांसही अनुकूल असलेल्या जागी इतरांहून चौपट चांगले काम करणे, यास केवळ खेळपट्टीचे दान म्हणता येत नाही. ह्याच शिवलकरांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, परंतु भारतातर्फे एकही कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही; कारण त्याच काळात त्याच शैलीचे बिशनसिंग बेदी संघात होते. २०२५ साली शिवलकर निवर्तले. 'कसोटी बळी' या रकान्यात त्यांच्यापुढे काहीच लिहिता येत नाही. रकाना खोटा नाही. मात्र तो पुरा नाही.

दुसरे उदाहरण नाशिकच्या बापू नाडकर्णींचे आहे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध एका डावात त्यांनी ३२ षटके टाकली, त्यांतील २७ निर्धाव. धावा दिल्या ५ आणि बळी शून्य. लागोपाठ १३१ चेंडूंवर कोणासही धाव काढता आली नाही. आमची समिती तेथे असती, तर बळींच्या बेरजेत नाडकर्णींस सर्वांत खाली बसविती. परंतु कोणी गडी बाद करण्यासाठी असतो, कोणी एक बाजू आवळून धरण्यासाठी; आणि एका बाजूस कोंडलेला फलंदाज दुसऱ्या बाजूच्या गोलंदाजास आपला बळी देऊन बसतो. तो बळी मग दुसऱ्याच्या नावावर लिहिला जातो.

आता आमच्या वहीकडे येतो. ज्याला पेला मिळाला, त्या मुलाचे बहुतेक गडी जुलै-ऑगस्टमधील होते. आमचे मैदान खाडीपासून फार दूर नाही. पावसाळ्यात त्याची जी दशा होते, ती पालकांनी पाहिलेलीच आहे. शिवाय त्यांतले निम्मे सामने आमच्याहून लहान मुलांच्या संघांशी झाले होते. त्या सामन्यांत सर्वांना मिळून गड्यामागे १० धावा पडल्या, त्यास ८. म्हणजे शेकडा ८०. दुसरा मुलगा पावसाळ्यात एकही सामना खेळला नव्हता. का, ते वहीत नव्हते. वर्गशिक्षकांस विचारता कळले की, शनिवारी सकाळी तो वडिलांबरोबर वाशीच्या बाजारातून माल आणावयास जात असे. नोव्हेंबरपासून ते काम त्याच्या काकांनी पत्करले, तेव्हा तो मैदानावर दिसू लागला. त्याचे १४ गडी हिवाळ्यातील कोरड्या जमिनीवरचे, मोठ्या शाळांविरुद्धचे होते. त्या सामन्यांत सर्वांना मिळून गड्यामागे २४ धावा पडल्या, त्यास १५. म्हणजे शेकडा साडेबासष्ट. आकडा जितका लहान, तितके काम मोठे.

यावरून दुसरा मुलगाच निश्चित श्रेष्ठ, असे आम्ही म्हणत नाही. चौदा गडी ही थोडकी संख्या आहे. दोन झेल सुटते, तर हिशेब बदलता. पहिल्या मुलाचा तर यत्किंचितही दोष नाही. त्याच्यापुढे जे फलंदाज आले, त्यांस त्याने बाद केले, व प्रत्येक सामन्यास तो वेळेवर हजर राहिला, हाही गुणच आहे. दोष आमचा. 'कोणी अधिक गडी बाद केले' या प्रश्नाचे उत्तर आम्ही 'कोण अधिक चांगला' या प्रश्नापुढे लिहिले, आणि एका बापास ते घरी जाऊन मुलाला सांगावयास लावले.

कोणी म्हणेल, मग त्या गरीब मुलास बोलिंगच्या लीगप्रमाणे आठ-दहा गड्यांची सवलत देऊन टाकावी. ह्या मताशी आम्ही सहमत नाही. आमचे म्हणणे पालवणकर बाळूंच्या चरित्रावरून स्पष्ट होईल. चर्मकार समाजात जन्मलेल्या ह्या खेळाडूने पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी तयार करण्याचे काम करीत, साहेबांस सरावासाठी चेंडू टाकीत डावखुऱ्या फिरकीची विद्या साधली. पुढे हिंदू संघाने त्यांस खेळावयास घेतले. कारण गडी बाद करावयास तेच हवे होते. परंतु पुण्यात चहाच्या सुट्टीत त्यांचा चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, निराळ्या मातीच्या पेल्यात दिला जाई आणि जेवणाची पंगतही निराळी असे. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज बहुतेक सामन्यांत नव्हते, आणि मिस्त्रींसारखा पट्टीचा फलंदाजही त्यांच्यासमवेत बाहेर राहिला. संघाने २३ सामन्यांपैकी १५ गमावले. त्या हरणाऱ्या संघातून बाळूंनी ११४ बळी घेतले, गड्यामागे १९ हूनही कमी धावा देऊन. ज्यांच्या नावाने पावसाळी लीग चालते, ते डॉ. कांगा याच संघात होते. एवढे होऊनही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंस पूर्ण अधिकाराने कधी मिळाले नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाला.

आता सांगा, बाळूंच्या ११४ बळींत दहा-वीस बळी भर घालून कोणता न्याय झाला असता? त्यांच्या आकड्यास आमच्या दयेची गरज नव्हती. ज्या पंगतीत बाकीचे दहा जण बसत, तीत एक पाट हवा होता. निसर्गाने किंवा नशिबाने घातलेली अडचण निराळी, आणि माणसांनी घातलेली अडचण निराळी. म्हैसूरचे भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणी पोलिओने कृश झाला; त्याच हाताने त्यांनी ५८ कसोटी सामन्यांत २४२ बळी घेतले. ती अडचण कोणास दूर करता येण्याजोगी नव्हती. त्यांनी तिलाच आपले शस्त्र केले. परंतु मातीचा पेला, शनिवारची बाजारहाट, सरावासाठी नसलेले बूट, ह्या गोष्टी माणसांच्या हातातल्या आहेत. त्यांवर गुणांची मलमपट्टी करणे म्हणजे काटा पायात तसाच ठेवून लंगडणाऱ्यास शर्यतीत चार पावले पुढे उभे करणे होय. काटा काढावा; मग सर्वांस एकाच रेषेवर उभे करावे.

म्हणून आमचे मत असे : आकडा आहे तसा लिहावा, त्यात दयेने भर घालू नये व रागाने वजाबाकी करू नये. त्या आकड्याशेजारी परिस्थिती लिहावी. प्रत्येकाची प्रगती त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी ताडून निराळ्या रकान्यात मांडावी. आणि जी अडचण दूर करता येते, ती गुण देऊन झाकू नये, दूर करावी.

ह्यास अनुसरून आम्ही क्रीडासमितीपुढे तीन सूचना मांडल्या, व त्या मान्य झाल्या, हे कळविण्यास आनंद वाटतो. येत्या हंगामापासून स्कोअरच्या वहीत प्रत्येक सामन्याखाली खेळपट्टीची स्थिती, प्रतिस्पर्धी संघाचा वयोगट आणि दोन्ही बाजूंची गड्यामागे सरासरी लिहिली जाईल. गोलंदाजीची बक्षिसे दोन राहतील : एक सामन्यांच्या तुलनेत उत्तम ठरणाऱ्यास, दुसरे मागील वर्षाहून सर्वाधिक सुधारणा करणाऱ्यास. पावसाळ्यातील सामने शनिवारी सकाळऐवजी दुपारी ठेवण्यात येतील, आणि खेळाच्या निधीतून बुटांचे काही जोड शाळेतच ठेवले जातील. दिलेला पेला परत मागण्याची सूचना आम्ही केली नाही. एका मुलावरील अन्याय धुण्यासाठी दुसऱ्यावर अन्याय करणे आम्हांस मान्य नाही.

त्या भाजीवाल्या गृहस्थांस आम्ही पुन्हा बोलावून वहीतील हिशेब समजावून सांगितला, आणि 'आठ गडी कमी पडले' हे आमचे उत्तर अपुरे होते, हेही सांगितले. ते बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, हे वहीतच लिहून ठेवा. मी सांगितलं तर पोराला वाटेल, बाप समजूत घालतोय." आम्ही ते त्यांच्यासमक्ष लिहिले व खाली सही केली.

पालकांस जाता जाता एक विनंती. प्रगतिपुस्तक हाती आले म्हणजे आपली पहिली नजर मुलाच्या गुणांवर व दुसरी शेजारच्या मुलाच्या गुणांवर जाते. ती तशी जावी, यात गैर नाही. जगात सवलतीशिवायचा आकडाही विचारला जातो आणि मुलास तो ठाऊक असलेला बरा. परंतु तिसरी नजर त्याच मुलाच्या गेल्या वर्षीच्या गुणांवर टाकावी, आणि चौथी आपल्या घरावर : त्यास अभ्यासास जागा किती मिळते, झोप किती मिळते, आणि शनिवारची सकाळ त्याची स्वतःची आहे की नाही. ह्या चारही गोष्टी पाहून झाल्यावर त्यास काय बोलावयाचे, ते बोलावे.